जिवंत बाईची नवमी

फोन आला तेव्हा आसावरीचे दोन्ही हात भिजवलेल्या वालांनी बुळबुळीत झाले होते. डाळिंब्या सोलायला बसलं की फोन वाजलाच पाहिजे, त्याशिवाय पेणच्या रामवाडीतला दिवस पुरा होत नाही! तिने कोपराने फोन चालू केला. पलीकडून एक तरुण मुलगी बोलत होती.

"लतिका विष्णु कुंटे तुमच्या आत्या ना?"

"होत्या. वारल्या त्या."

"कधी?"

"मी दुसरीत होते तेव्हा. आता मी शाळेतून रिटायर झालेय, तुम्हीच काय ते समजा."

 ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, त्या माझ्या समोर बसल्यात. चहात बिस्कीट बुडवतायत."

आसावरीचं डोकंच फिरलं. वीजबिलाच्या नावाने फसवून झालं, बँकेच्या नावाने फसवून झालं, आता मेलेल्या आत्याही सोडत नाहीत की काय हे लोक! "लाज वाटत नाही का हो तुम्हाला," असं म्हणून ती फोन बंद करणार, तेवढ्यात मागून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "आसू आहे का गो? विचार तिला, पुढचे दात आले का म्हणावं."

आसू. या नावाने तिला जगात एकच माणूस हाक मारायचं. तिची वेणी घालताना केस ओढायचं आणि वर "रडतेस काय, बाहुले" म्हणायचं. आसावरी वालांच्या परातीसमोर तशीच बसून राहिली.

मुलीचं नाव दिशा. पनवेलच्या पुढच्या एका मनोरुग्णालयात ती समाजसेविका होती. तिने सगळं नीट सांगितलं. आजी कित्येक वर्षं बऱ्या आहेत, रोजची गोळी घेतात, शिवणखात्यात काम करतात. बऱ्या झालेल्यांना आता घरी पाठवायचं आहे. ज्यांना घर नाही, त्यांची सोय विदर्भातल्या एका संस्थेत होईल. महिनाअखेरीस गाडी जाणार आहे. "तुमच्याकडच्या एका वकीलसाहेबांना आम्ही कितीदा फोन केले. ते प्रत्येक वेळी 'बघतो' म्हणतात. शेवटी आजींनीच तुमचं नाव सांगितलं, पेणला शाळेत शिकवता म्हणाल्या, मग शाळेतून नंबर काढला."

"कोण वकीलसाहेब?" आसावरीने विचारलं, पण उत्तर तिला आधीच कळलं होतं. पेणमध्ये 'बघतो' म्हणून वर्षानुवर्षं न बघणारा वकील तिच्या माहितीत एकच होता, आणि तो तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

पुष्कर कोर्टातून येऊन नुकताच पोहे खायला बसला होता. आसावरी चपलांसकट आत गेली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताटली बाजूला ठेवली.

"कळलं वाटतं," तो म्हणाला.

"कळलं वाटतं? एवढंच? अरे, आत्या जिवंत आहे!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

"ताई, तू बस बघू आधी. पाणी घे." पुष्करचा हा आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता. अशिलाला तारीख पुढे गेल्याचं सांगताना तो हाच आवाज काढायचा. "हे बघ, बाबांनी आणि आजोबांनी सगळा विचार करून केलं होतं. रोह्याला आत्याचं बाळंतपण झालं आणि तिचं डोकं फिरलं. रात्रंदिवस झोप नाही, बाळाला हात लावू देईना, विहिरीवर जाऊन बसायची. इस्पितळात ठेवली. डॉक्टर म्हणाले, बरी होईल की नाही सांगता येत नाही. विष्णुकाका पंचविशीचे. तान्हं मूल. दुसरं लग्न करायचं तर काडीमोड हवा, काडीमोड म्हटला की कोर्ट, आणि कोर्ट म्हटलं की वेडाचा सगळ्या गावभर बोभाटा. मग दोन्ही घरांनी मिळून ठरवलं, ती गेली असं सांगायचं. तिकडेच अग्नी दिला म्हणायचं. रोह्याला तेरावं घातलं. विषय संपला. पुन्हा घरात पुढे लग्नाला येणाऱ्या मुली होत्या. घराण्यात वेड आहे म्हटल्यावर तुला कुणी केली असती?"

"आणि केली का कुणी?" आसावरी ओरडली. "झालं का माझं लग्न?"

 पुष्करने पोह्यांतला एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला.

आसावरीला त्या शेंगदाण्याचाही संताप आला. काय माणसं ही! नवरा हयात असताना बाई गेली म्हणजे पितृपंधरवड्यात तिच्यासाठी अविधवा नवमी करायची, सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. रोह्याला कुंट्यांकडे ही नवमी कधी चुकली नाही. आणि सवाष्ण कोण? तर आसावरीची आई! दर वर्षी वालाचं बिरडं आणि खीर जेवून, खणानारळाची ओटी घेऊन यायची बिचारी, नणंदेच्या आठवणीने डोळे पुसत. बाबा स्वतः तिला पेणच्या स्टँडवर एसटीत बसवून द्यायचे.

"आईला माहीत होतं?"

"छे! बायकांना सांगायचं नाही, असंच ठरलं होतं. मलाही बाबांनी शेवटच्या आजारपणात सांगितलं. ते दर भाऊबीजेला जायचे तिच्याकडे. पनवेलला काम आहे म्हणून सांगायचे, आठवतं? ते गेल्यावर मी बघतोय. साडी पाठवतो, तेल-साबण पाठवतो. काही कमी पडू दिलं नाही तिला. सगळं अगदी व्यवस्थित मॅनेज केलेलं होतं, ताई."

"घरी का नाही आणली बरी झाल्यावर?"

"कशी आणणार? क्रिया झालेलं माणूस घरात घ्यायचं तर जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करावे लागतात. मी भटजींना विचारून ठेवलंय. नाव न सांगता."

"म्हणजे बारसं करायचं? त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला पाळण्यात घालायचं?"

"शास्त्र आहे ते. मी काय करू?"

आसावरीने कपाळावर हात मारून घेतला. ती उठली. "मी आणते तिला माझ्याकडे. मला संस्कार नकोत आणि काही नको."

आणि पुष्करचा चेहरा एकदम खुलला! हे तिला अपेक्षितच नव्हतं. "आण की," तो म्हणाला. "खरंच आण. तू एकटी असतेस, तिलाही माणूस मिळेल. 'दादाची आसू' म्हणून ती उडी मारून येईल बघ. मी सही करतो. फक्त एक कर. रोह्याला कळू देऊ नको. यज्ञेशला तर मुळीच नको."

"तिचा मुलगा आहे तो."

"तिला तसं वाटत नाही."

"म्हणजे?"

पुष्करने आता पाणी प्यायलं. "ती सारखी बाळ बाळ करायची ना. घरी जायचं, बाळाला पाजायचं. बाबांनी सांगून टाकलं तिला, बाळ गेलं म्हणून. मग शांत झाली. दोन्ही बाजूंनी सोय झाली. त्याला वाटतं आई नाही, तिला वाटतं मूल नाही. कुणाला काही त्रास नाही."

कुणाला काही त्रास नाही! आसावरीला वाटलं, ती पोह्यांची ताटली उचलावी आणि याच्या डोक्यावर पालथी करावी. पण घरी येईपर्यंत तिच्या मनात दुसरंच सुरू झालं, आणि त्याची तिला स्वतःलाच लाज वाटली. पुष्करचं म्हणणं सोयीचं होतं. आत्या इथे राहील. सकाळी दोघींचा चहा, संध्याकाळी गप्पा, कुणीतरी पुन्हा आसू म्हणेल. तिने आतल्या खोलीतली कपाटं रिकामी केली, एक पलंग घेतला, बाथरूमला धरायला दांडा बसवून घेतला. गवंड्याने कुणासाठी विचारलं तर तिने अभिमानाने सांगितलं, "आत्या येतेय माझी." आणि ते सगळं झाल्यावर, एका सकाळी, स्वतःवरच चरफडत, ती रोह्याची गाडी पकडून निघाली. यज्ञेश लहानपणी सुट्टीत पेणला यायचा, तेव्हा देवघरातल्या आईच्या फोटोला आधी नमस्कार करायचा आणि मग पाणी प्यायचा. कासू गेलं, नागोठणं गेलं, तिच्या डोळ्यांपुढून तो पोरगा काही हलेना.

रोह्याला कुमुदकाकूंनी दार उघडलं. विष्णुकाकांची ही दुसरी बायको. काका दोन-तीन वर्षांमागे गेले, तेव्हापासून काकूंचं ब्लडप्रेशर म्हणजे घरातलं एक वेगळं माणूसच झालं होतं. पुष्करने तेवढ्यासाठीच बजावलं होतं, काकूंना धक्का बसेल. आसावरीने आडवळण न घेता सगळं सांगितलं. यज्ञेश कंपनीतून शिफ्ट करून आला होता, युनिफॉर्मही उतरवला नव्हता. तो दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिला.

काकूंना धक्काबिक्का काही बसला नाही. त्या संतापल्या.

"म्हणजे मी जन्मभर जिवंत बाईच्या नावानं सवाष्णी जेवू घातल्या?" त्यांनी गळ्यातला चांदीचा टाक बाहेर काढला. पहिलीच्या नावाने दुसरीने घालायचा तो टाक. "हा बघ! लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी बांधलाय. आधी हिला हळदकुंकू, मग मला. नवी साडी आधी हिच्या पुढे, मग माझ्या अंगावर. पोर आजारी पडलं की मी हिला म्हणायची, बाई गं, तुझंच आहे, लक्ष ठेव. आणि ती तिकडे चहा पीत होती?" मग त्या एकदम थांबल्या. "ह्यांना माहीत होतं?"

आसावरीने होकारार्थी मान हलवली.

"नवमीच्या ताटाला नमस्कार करायचे ते. माझ्या शेजारी उभं राहून." काकू खाली बसल्या. "काय मेली माणसं तरी!"

 यज्ञेशने एवढंच विचारलं, "दादामामाला माहीत होतं?"

"त्यांनीच केलं सगळं."

"मामा मला खांद्यावर घेऊन रामवाडीपर्यंत न्यायचा. आईची गोष्ट सांग म्हटलं की सांगायचा. कशी गायची, कशी हसायची." तो मागच्या अंगणात गेला. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "कधी जायचं?" त्याने विचारलं.

"घेऊन ये इकडेच," काकू म्हणाल्या. "वरची खोली आहे. भटजी येऊन काही बोलला तर मी बघते त्याच्याकडे."

आसावरीला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण तिला आतल्या खोलीतला तो नवा पलंगही आठवला.

ते दोघे यज्ञेशच्या गाडीतून गेले. दिशाने त्यांना झाडाखालच्या बाकाकडे नेलं. तिथे एक लहानखुरी म्हातारी मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. केस बारीक कापलेले, साडी कडक इस्त्रीची. ती आसावरीकडे बघत राहिली, मग खदखदून हसली. "आले की गो दात! आणि पडायलाही लागले."

आसावरीने तिला मिठी मारली. म्हातारीच्या अंगाला साबणाचा वास येत होता. पुष्करने पाठवलेला साबण, हे मनात आलंच, आणि त्याही वेळी तिला चीड आली.

"चल," आत्या म्हणाली. "माझी तयारी झाली आहे. पेणला ना? दादाच्या घरी?" मग तिचं लक्ष यज्ञेशकडे गेलं. "हा कोण? तुझा नवरा?"

"नाही गं. हा यज्ञेश. तुझा मुलगा."

आत्याचं हसू मावळलं. "असली चेष्टा करू नये आसू. माझं बाळ गेलं."

"नाही गेलं. हा बघ ना."

"नाक रोह्याचं आहे खरं," आत्याने यज्ञेशला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दुसरीचा असशील तू. दुसरी केलीच असणार त्यांनी. चांगला दिसतोस. पण माझं बाळ गेलं. दादाने सांगितलं मला. याच बाकावर बसून सांगितलं, आणि माझ्यापेक्षा तोच जास्त रडला. दर भाऊबीजेला मी ओवाळायची त्याला, इथल्या बायका बघत राहायच्या. कुणाकुणाचं कुणी येत नव्हतं. माझा भाऊ यायचा. तो माझ्याशी खोटं बोलेल?"

 यज्ञेश फाटकाकडे निघून गेला आणि पाठ करून उभा राहिला.

दिशाने आसावरीला बाजूला घेतलं. "आजी तुमच्याबरोबर यायला तयार आहेत. आज न्या. बाकीचं पुढे हळूहळू सांगता येईल."

हळूहळू! या घरात सगळं हळूहळूच झालं होतं. आसावरीला ठाऊक होतं, आज आत्याला रामवाडीला नेलं, तर उद्या सांगू, सणानंतर सांगू, तब्येत बरी असताना सांगू, असं करता करता तीही पुष्करसारखी मॅनेज करायला लागेल. आणि तिला ते आवडेल, हेच सगळ्यात वाईट होतं. तिने फाटकाजवळच्या त्या पाठीकडे पाहिलं, आणि येऊन आत्यासमोर खाली जमिनीवरच बसली.

"आत्या, बाबा खोटं बोलले."

"तोंड सांभाळ."

"खोटं बोलले. तुला सांगितलं बाळ गेलं, आणि बाळाला सांगितलं आई गेली. गावाला सांगितलं तू गेलीस. रोह्याला तुझं तेरावं घातलं."

"दादाने?"

"बाबा स्वतः पंगतीत वाढत होते. मी तिथे होते. मी दोन लाडू खाल्ले."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. झाडावर कावळ्यांचा गोंधळ चालला होता. मग तिने फाटकाकडे तोंड करून हाक मारली. "ए, इकडे ये रे."

यज्ञेश आला.

"दूध कुणाचं प्यायलास?"

"आजी सांगायची, कासूहून मैना म्हणून बाई आणली होती. तिलाही तेव्हा लहान मूल होतं."

"माझं येत होतं," आत्या म्हणाली. "इथं आल्यावरसुद्धा कितीतरी दिवस येत होतं. लुगडं भिजायचं. बाळ गेल्याचं दादाने सांगितलं तेव्हाही भिजलेलंच होतं." तिने हात पुढे केला आणि यज्ञेशचा दंड चाचपून पाहिला. पन्नाशी उलटलेला तो माणूस तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला. तिने त्याला गप्प केलं नाही. नुसता हात ठेवून बसली.

सह्या झाल्या. परत येताना आत्या पुढे यज्ञेशजवळ बसली. पनवेल मागे पडलं. पेण जवळ आलं तशी आसावरी मागून म्हणाली, "आत्या, दोन दिवस रामवाडीला उतरतेस का? मग यज्ञेश येईल न्यायला. मी खोली लावून ठेवलीय तुझी."

"कुणाची गो तू?" आत्याने वळून न बघताच विचारलं.

"म्हणजे?"

"मुलगी कुणाची?"

आसावरीने पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवलेला हात काढून घेतला.

"मला त्या घराचं काही नको," आत्या म्हणाली. "पाणीसुद्धा नको. तू खरं बोललीस, तुझं भलं होवो. पण तुझ्याकडे बघितलं की मला त्याचं तोंड दिसतं. आता नको."

यज्ञेशने हायवेच्या कडेला गाडी घेतली. तो उतरला, त्याने आसावरीसाठी दार उघडलं. "ताई, मी फोन करतो. होईल ती शांत," असं काहीतरी तो पुटपुटला. आसावरी "हो हो, निघा तुम्ही, काकू वाट बघत असतील," म्हणाली. पुढच्या सीटवरची म्हातारी समोर बघत होती, रोह्याच्या दिशेने. गाडी वडखळकडे निघून गेली.

ट्रकची धूळ अंगावर घेत आसावरी तिथेच उभी राहिली. आणि मग, बायामाणसं येताजाता बघत असताना, आयुष्यात कधी बाबांपुढे मान वर न केलेल्या त्या बाईने, मेलेल्या बापाला भर रस्त्यात तोंडाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या.